हिराबाईच्या दारचं पाणी

तुला सांगते ते मी कुणाजवळच बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, पास्टरांजवळ नाही, आणि खरं सांगायचं तर देवाजवळही नाही. प्रार्थनेत आपण म्हणतो ना – माझ्या ठाऊक असलेल्या आणि नसलेल्या सगळ्या पापांची क्षमा कर – त्या 'सगळ्या'मध्ये हे एक हळूच ढकलून द्यायचं आणि पुढे सरकायचं, असं मी वर्षानुवर्षं करत आलेय. गर्दीत विनातिकीट आत शिरावं तसं. पण ज्याच्यापाशी शिरायचं, तो काय आंधळा आहे?

मला आधी ते मिठागर आठवतं. नेहमी तेच आधी येतं. भाईंदरला, जेसल पार्कच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, तेव्हा नुसती मिठागरं होती. दुपारच्या उन्हात जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. बांधावरून चालणारी बाई लांबून पाहिली की पाण्यावरून चालल्यासारखी वाटायची. पांढरे ढीग, पांढरं आभाळ, आणि त्यात एक निळा झगा घातलेली, उन्हानं नाक लाल झालेली इंगर. आजही डोळे मिटले की ती तशीच उभी असते, मला हाक मारत नाही, नुसती बघते.

इंगर डेन्मार्कची. नव्वदच्या आधीची ती वर्षं. आम्ही नुकतेच मुंबईतल्या एका खोलीतून पेणकरपाड्यातल्या वन-रूम-किचनमध्ये आलो होतो आणि स्वतःला भलतेच मोठे समजत होतो. आमची मंडळी – म्हणजे आमच्या चर्चचे लोक, वीसेक घरं – रविवारी एका दुकानाच्या रिकाम्या गाळ्यात जमायची. या मंडळीनं मिठागरातल्या माणसांसाठी आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी, छोटासा दवाखाना सुरू केला होता. इंगर नर्स होती. तिच्या गावच्या चर्चनं तिला तीन महिन्यांसाठी सेवेला पाठवलं होतं. ती राहायला आली आमच्याकडे.

आईनं तिला घरातली एकुलती एक कॉट दिली. स्वतः स्वयंपाकघरात खाली झोपली, तीन महिने. बाबांनी कॉटभोवती जुन्या साडीचा पडदा लावला. बिल्डिंगमधल्या गुजराती काकू काही ना काही निमित्तानं डोकावून जायच्या – "आपके मेहमान को तीखा चलता है क्या?" आणि मी? मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते, माझं इंग्रजी बरं होतं, म्हणून मला तिची दुभाषी केलं. तिचंही इंग्रजी शिकलेलं आणि माझंही. दोघी त्या परक्या भाषेत अडखळत चालायचो, आणि मला वाटायचं, ही माझी आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे असं काही होतं जे दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

मिठात काम करणाऱ्यांचे पाय तू पाहिलेस का कधी? टाचांना चिरा पडतात, बोटांच्या बेचक्यांत जखमा होतात आणि खारं पाणी त्या भरू देत नाही. इंगर खाली मांडी घालून बसायची, एकेकाचा पाय मांडीवर घ्यायची, कोमट पाण्यानं धुवायची, मलम लावायची. धर्माबद्दल ती अवाक्षर काढत नसे. आमच्या पास्टरांना ते जरा खटकायचं. त्यांना वाटायचं, निदान एखादं पत्रक तरी हातात द्यावं. ती हसायची आणि पुढचा पाय मांडीवर घ्यायची.

हिराबाई तिथेच भेटल्या. आगरी बाई, पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या, आवाज असा की दोन बांध ओलांडून ऐकू यावा. त्यांचं घर मिठागराच्या कडेलाच होतं. पहिल्यांदा त्यांनी आम्हाला घरी नेलं तेव्हा दारातच थांबवलं, आतून तांब्याभर पाणी आणलं आणि इंगरच्या पायांवर ओतलं. इंगर दचकली. मी सांगितलं, पाहुणा आला की असं करतात. तिनं वाकून ओल्या पायांवरून हात फिरवला. मग म्हणाली, "येशूनं शिष्यांचे पाय धुतले, हे आमच्याकडे वर्षातून एकदा वाचतात. इथे करतात." हिराबाईंची सासू, दात नसलेली म्हातारी, तिचे पिवळे केस हातात धरून बघायची आणि खुदुखुदु हसायची. मला त्या घरी नेहमी प्यायला पाणी मिळायचं, त्याच तांब्यातून. इंगरसाठी कोरा चहा. तिला बाहेरचं पाणी आणि खाणं पास्टरांनी बंद केलं होतं, पोट बिघडेल म्हणून. मंडळीतल्या घरांत मात्र तिच्या जेवणाच्या पाळ्या लागल्या होत्या.

हळूहळू ती त्या घराकडे ओढली जायला लागली. दवाखाना आटोपला की तिथे जाऊन बसायची. म्हातारीशेजारी सुकी मासळी निवडायची. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, आणि माझी गरजही लागत नव्हती. एक दिवस घरी जेवताना ती आईला म्हणाली की या देशात मला घरी असल्यासारखं वाटलं ते हिराबाईंच्या ओट्यावर. आई माझ्याकडे बघत होती, काय म्हणाली म्हणून. मी म्हटलं, भाजी छान झालीय म्हणतेय. आई खूश झाली, तिनं अजून वाढली. ती माझी पहिली लबाडी. त्या एकीबद्दल मला आजही फारसं वाईट वाटत नाही.

आता पुढचं. बघ, इथे आले की माझं असं होतं – परत मिठागराचं वर्णन करावंसं वाटतं.

तिच्या शेवटच्या आठवड्यातला बुधवार. रविवारी संध्याकाळी मंडळीनं आमच्याकडे तिचा निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. आई चार दिवस आधीपासून कामाला लागली होती. इंगर लांब, पिंपाशी हात धूत होती. हिराबाई माझ्याजवळ आल्या, नेहमीच्या आवाजात नाही, जरा लाजतच. "पोरी, तिला सांग ना, आयतवारी दुपारचे माझे घरा जेवाला ये. तांदलाची भाकर करतंय, चिंबोऱ्यांचा रस्सा करतंय. म्हातारी पन सांगतंय, तिला जेवल्याबिगर जाऊ द्यायची न्हाय."

दुपारी. आमचं संध्याकाळी होतं. दोन्ही सहज जमलं असतं. इंगरनं पास्टरांची बंदी एका दुपारपुरती मोडली असती, नव्हे, आनंदानं मोडली असती. मला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच तर – शेवटचं जेवण ती त्यांच्याकडे आठवणीत घेऊन जाणार, आणि आमचं नुसतं कार्यक्रम म्हणून. तीन महिने जमिनीवर झोपलेली माझी आई. आणि मी. मी काय, दुभाषी.

मी म्हटलं, "ती बाहेरचं खात नाही."

हिराबाई म्हणाल्या, "तुमचे घरी तर जेवतंय ना?"

मी ओढणी सारखी केली. त्यांनी मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, "पोटाला चालत न्हाय, का आमचे हातचं चालत न्हाय?"

इथे थांबते जरा.

मला 'पोटाला' म्हणता आलं असतं. एक शब्द. लबाडी ती लबाडीच, पण त्या शब्दानं कुणाला जखम झाली नसती. मी गप्प राहिले. त्या विचारत होत्या आणि मी पायाखालच्या बांधाकडे बघत राहिले. त्या गप्प राहण्याचा अर्थ त्यांनी काय काढला असेल ते मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि मी तो त्यांना काढू दिला.

तुला वाटेल, वीस वर्षांची पोर, तिला काय कळतंय. पण आमच्या घरात कळत होतं. माझ्या आजीला गावात विहिरीवर जाऊ देत नसत. कुणी दया केलीच तर वरून ओंजळीत पाणी ओतायचं, भांड्याला हात लागू न देता. आम्ही ख्रिस्ती झालो ते उगीच का? दर नाताळात बाबा ही गोष्ट सांगायचे आणि आम्ही पोरं मान खाली घालून ऐकायचो. दुसऱ्याच्या हातचं न खाणं म्हणजे काय, हे त्या अख्ख्या मिठागरात माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि मी तेच उचललं आणि हिराबाईंवर वापरलं. तेही दुसरीच्या नावावर, जिनं त्यांचे पाय मांडीवर घेतले होते.

हिराबाई "बरा" म्हणाल्या आणि गेल्या. शनिवारी दवाखान्यात त्या आल्या नाहीत. इंगर सारखी बांधाकडे बघत होती. शेवटी म्हणाली, आपणच त्यांच्या घरी जाऊ, निरोप घेऊन येऊ. मी सांगितलं, त्यांच्याकडे सुतक आहे. सुतक म्हणजे काय, तेही माझ्या सोयीनं समजावलं – घरात कुणी गेलं की काही दिवस बाहेरच्यांनी जायचं नसतं, खाणंपिणं नसतं. तिनं विचारलं, कोण गेलं? कुणाचं तरी नाव घ्यावंच लागणार होतं. मी म्हटलं, म्हातारी.

इंगर तिथेच मिठाच्या ढिगाशी बसली आणि रडली. जिवंत बाईसाठी, जी तेव्हा पाचशे पावलांवर ओट्यावर बसलेली असणार. रविवारी तिनं आईचं जेवण जेमतेम चाखलं. जाताना माझ्या हातात एक पांढरी मेणबत्ती आणि एक कार्ड दिलं, सुतक संपलं की हिराबाईंना दे म्हणून. मी दोन्ही ट्रंकेच्या तळाशी ठेवलं. कार्ड आजही आहे. मेणबत्ती एका उन्हाळ्यात वाकडी झाली.

तिची पत्रं यायची, दर ईस्टरला. दर पत्रात एक ओळ असायची – आज चर्चमध्ये म्हातारीसाठी मेणबत्ती लावली. मी उत्तर लिहायचे, हिराबाई तुझी फार आठवण काढतात. वर्षभरानं एकदा रिक्षातून जाताना मला म्हातारी दिसली. उन्हात बसून मासळी निवडत होती. मी तिला मारून वर्ष झालं होतं आणि ती माशा हाकत होती. मी रिक्षावाल्याला म्हटलं, भैया, जल्दी चलो.

मग बरीच वर्षं गेली. मिठागरांवर काशीमीऱ्याकडून येणाऱ्या ट्रकांनी भराव टाकला. माझं लग्न झालं. एका एप्रिलात भर दुपारी भाईंदरच्या बाजारात सुकी मासळी घ्यायला वाकले आणि समोर हिराबाई बसलेल्या. त्यांनी मला ओळखलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी कदाचित तिथेच सगळं बोलून टाकलं असतं – की हेही मी उगीच म्हणतेय?

"ती बरी हाय ना गो?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बरी आहे.

"म्हातारी गेली औंदा. जाईपरत इचारायची, ती गोरी पोर कवा येल."

मी टोपलीतला जवळा बोटांनी चिवडत राहिले. ऊन डोक्यावर होतं. माझा चेहरा उतरलेला दिसला असावा, कारण त्यांनी सवयीनं शेजारचा तांब्या उचलला, पेल्यात पाणी ओतलं, पेला माझ्याकडे अर्ध्यावर आणला. आणि तिथेच थांबल्या. बांधावरचं ते बोलणं आठवल्यासारख्या. "ऱ्हाऊ दे," म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, आणि ते पाणी स्वतः प्यायल्या.

मला तहान लागली होती. मी हात पुढे केला नाही.