चारशे बारा तागे

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही — पत्नीलाही नाही, आणि तिला तर माझे बहुतेक सगळे आधीच ठाऊक असते. तुम्ही अनोळखी आहात. म्हणून कदाचित जमेल.

नांदगाव पेठेतल्या एका कापड कारखान्याच्या गोदामात मी पुष्कळ वर्षे स्टोअरकीपर आहे. ताग्यांची सहामाही मोजणी करायला इतरांना चार दिवस लागत. मी ती दीड दिवसात संपवीत असे, आणि आकडा संगणकाशी तंतोतंत जुळत असे. कसा? — हे कोणी कधी विचारलेच नाही. मी संगणकातले आकडे आधी पाहून ठेवीत असे आणि तेच कागदावर उतरवीत असे. विश्वास बसावा म्हणून दोन ठिकाणी खाडाखोड, कडेला थोडी धूळ. उरलेला वेळ खडू घेऊन गंभीर चेहऱ्याने रांगांमधून फिरण्यात जाई.

याला आळस म्हणावे का? तेवढेच असते, तर आज लिहायला बसलो नसतो.

एकदा सहकारी वानखडे — दर्यापूरचे, माझ्याच वयाचे — यांना आणि मला एकच रांग वेगवेगळी मोजायला दिली. संगणकात चारशे वीस. माझे, अर्थातच, चारशे वीस. त्यांचे चारशे बारा.

"भाऊ, तीनदा मोजलं, मले तर बाराच येऊन राहिले. तुमाले वीस कावून येते?"

मी म्हणालो, "सवय लागते."

मॅनेजरसाहेबांनी सर्वांसमोर विचारले, "वानखडे, बोटं कमी आहेत काय तुमाले?" सगळे हसले. मी — हो, मीही हसलो.

जेवणाच्या सुटीत मी एकटाच जाऊन ती रांग मोजली. नोकरीतली माझी ती पहिली खरी मोजणी. चारशे बारा. पुन्हा मोजली — चारशे बारा. मग परत येऊन डबा उघडला. वांग्याची भाजी होती. सगळी संपवली.

वानखड्यांची बदली अकोल्याच्या लहान गोदामात झाली. आणि पाठोपाठ मला तिथे धाडले — जलद मोजणी शिकवायला. शिकवणार काय? पद्धत होतीच कुठे? मी फळ्यासमोर उभ्याउभ्याच एक रचली: खालच्या कप्प्यापासून वर जायचे, उजवा हात रॅकवर ठेवायचा, मोजताना जीभ दातांत धरायची.

"जीभ कावून, भाऊ?" वानखड्यांनी विचारले.

"एकाग्रता," मी म्हणालो. त्यांनी ते वहीत लिहून घेतले आणि खाली रेघ ओढली. आजही अकोल्यात सहा प्रौढ माणसे जीभ दातांत धरून तागे मोजतात.

गेल्या मोजणीला त्यांचा फोन आला. पाच तागे कमी भरत होते.

"तुमच्याच पद्धतीनं मोजलं, भाऊ, चारदा. पण माह्या मोजण्यावर आता माहाच भरोसा नाई राह्यला. संगणकातला आकडा लिहून टाकू काय?"

खरे सांगायला याहून सोपी वेळ कोणती येणार होती? मी म्हणालो, "लिहा."

त्यांनी लिहिला. आम्हा दोघांत खरे मोजणारा एकच माणूस होता. आता तोही नाही.