गोकुळचा डावा कान

गोकुळ चित्रं काढायला बसला की आधी स्पीकर चालू व्हायचा. लहान मुलांच्या पुस्तकांसाठी तो चित्रं काढतो. लोणी देवकरच्या बाजूला वस्तीवर पत्र्याची खोली, खिडकीपाशी टेबल आणि बाहेर त्याच्या बायकोनं, अनितानं लावलेली वांगी-दोडकी. सनई लावली की त्याच्या हातून झाडं, ढग, पाणी उतरायचं. हलगी कडाडली की माणसं पळायला लागायची. "मी कुठं काढतो, हातच चालतो," असं तो म्हणायचा.

हे वेड कारखान्यातलं. अकरा वर्षं तो पत्रा दाबायच्या मशीनवर होता. त्या दणदणाटात कुणाचं बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून तो मनातल्या मनात गाणी म्हणायचा आणि जेवणाच्या सुट्टीत खोक्याच्या पुठ्ठ्यावर त्या गाण्यातली माणसं पेनानं काढायचा. असल्याच एका पुठ्ठ्याचा फोटो फिरत फिरत पुण्याच्या एका प्रकाशनात पोचला. एक काम मिळालं, मग दुसरं. तीन वर्षांपूर्वी त्यानं नोकरी सोडली तेव्हा अनितानं एवढंच विचारलं होतं, "भागंल का?" भागत होतं.

यंदा फेब्रुवारीत जत्रेच्या एका गोष्टीचं काम चालू होतं. सकाळी अंघोळ करून तो टेबलाशी बसला आणि हलगी लावली, तर ती चार रानं पलीकडं वाजावी तशी लांबून येऊ लागली. स्पीकर बिघडला म्हणून त्यानं तो हलवून बघितला. मग उजवा कान हातानं दाबला. डावीकडून काहीच येत नव्हतं, नुसती गुणगुण.

कारखान्यात त्याच मशीनवर शेजारी उभा राहणारा भिमा आता कानात यंत्र घालून फिरत होता. आपलीही पाळी आली, असंच गोकुळनं धरलं. कुणाला काही बोलला नाही. आवाज वाढवून कशीबशी आठ पानं पुरी केली आणि पाठवून दिली.

प्रकाशनात पुस्तकांचं काम बघणाऱ्या राजलक्ष्मीबाईंचा फोन आला.

"गोकुळराव, चित्रं नेटकी आहेत. पण जत्रेत कुणी नाचतच नाहीये हो. सगळे फोटोला उभे राहिल्यासारखे वाटतात."

"बघतो मॅडम," तो म्हणाला. त्यालाही ते दिसलं होतंच.

दोन दिवसांनी अनिता चहा घेऊन त्याच्या डाव्या बाजूला उभी राहिली. तीन हाका मारल्या. तो वळला नाही. ती टेबलाला वळसा घालून समोर आली.

"कवापास्नं?"

"काय कवापास्नं?"

"कान."

गोकुळनं पेन्सिल खाली ठेवली. "तीन आठवडं झालं."

"आन मला सांगायचं न्हाय?"

"सांगून काय व्हनार? भिमाचं झालं ते बघितलं न्हवं?"

"भिमा डाक्टर हाय का तुमचा?" ती म्हणाली. "उद्या बारामतीला जायचं."

सकाळी मोटारसायकलवर ती मागं बसली.

डॉक्टरांनी कानात उजेड टाकून बघितलं. "कानात काय घालता?"

"ब्रशाचं मागचं टोक," गोकुळ ओशाळून म्हणाला. "कापूस गुंडाळून."

"तो कापूस आतच आहे. त्याच्यामागं मळ ठासून बसलाय. अंघोळीचं पाणी गेलं आणि सगळं फुगलं."

नळीनं ओढून काढायला दहा मिनिटं लागली. आधी खरखर झाली, मग फट्‌कन काहीतरी सुटलं आणि डोक्यावरचा पंखा ऐकू आला. नर्सच्या बांगड्या. बाहेर कुणाचं तरी पोर रडत होतं, तेही.

"मला ऐकू येतंय!" तो ओरडला.

"हळू बोला, समदा दवाखाना ऐकतोय," अनिता म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

डॉक्टरांनी मशीनवर दोन्ही कान तपासले. "कारखान्याचा थोडा परिणाम आहे. अगदी बारीक आवाज जरा कमी येतात, एवढंच. स्पीकर हळू लावा, वर्षातून एकदा दाखवून जा. आणि तो ब्रश कागदावरच चालवा."

परत येताना ते रसवंतीवर थांबले. चरकाला बांधलेली घुंगरं वाजत होती. गोकुळ ग्लास हातात धरून नुसता ऐकत उभा राहिला.

"प्या की, बर्फ वितळला," अनिता म्हणाली.

त्यानं रस प्यायला, आणखी एक सांगितला. दवाखान्यातून मिळालेल्या फायलीच्या पाठीवर एका म्हातारीचं चित्र काढलं, लुगड्याचा ओचा खोचून गिरकी घेणारी. रसवाल्यानं वाकून बघितलं आणि हसला.

आठही पानं त्यानं सहा दिवसांत पुन्हा काढली. राजलक्ष्मीबाईंनी तासाभरात फोन केला. "छापायला देते," म्हणाल्या.

फोन ठेवून गोकुळ रानात गेला. अनिता दोडकी तोडत होती. त्यानं तिच्या हातातली पाटी घेतली, आणि दोघं दिवस मावळेपर्यंत तोडणी करत राहिले.