शेगडी पेटवताना

आदिलाबादला मार्केट यार्डाच्या रस्त्यावर माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी शेतकरी माझ्याकडे आणतात. मी त्या उघडतो, काळं पडलेलं तांबं काढतो, नवी तार भरतो. चालू वायरीला बोट लागून झटका बसणं आमच्या धंद्यात रोजचंच. गिऱ्हाइकं विचारतात, "मिस्त्री, तुमाले करंटचं भेव नाई लागत काय?" मी हसतो. करंटचं भेव मला कधीच नव्हतं. मला भीती होती जाळाची, आणि ती मी कुणालाच कळू दिली नव्हती. बाकीचे मिस्त्री जुनी कॉइल पेटवून मोकळी करतात. मी ती छन्नीनं कापून काढतो. त्याला वेळ लागतो, पण लोकांना वाटतं, हा माणूस काम जपून करतो.

ही भीती कुठून आली ते मला नीट आठवतं. आम्ही बोथजवळच्या एका खेड्यात राहत होतो. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. पावसानं सरपण ओलं झालं की माय पंपाचा स्टोव्ह काढायची. त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या दारात बसलो होतो आणि माय स्टोव्हला पंप मारत होती. एकाएकी भडका झाला. जाळ वर न जाता आडवा आला आणि तिच्या पदराला लागला. माय ओरडली नाही. ती गर्रकन फिरली, आणि तिच्याबरोबर जाळही फिरला. बाबा अंगणातून धावत आले. खाटेवरची गोधडी त्यांनी तिच्याभोवती गुंडाळली आणि तिला जमिनीवर लोळवलं. जळालेल्या लुगड्याचा आणि केसांचा वास कितीतरी दिवस त्या खोलीत राहिला, की माझ्याच नाकात राहिला, कोण जाणे.

माय दवाखान्यातून परत आली तेव्हा तिच्या मानेची कातडी एका बाजूला ओढल्यासारखी झाली होती. घरी आल्यावर दोन दिवसांत ती पुन्हा चुलीपुढं बसली. मी लांबून पाहत होतो. तिनं फुंकणीनं विस्तव फुलवला, तवा ठेवला, भाकर टाकली. मला वाटलं, हिला भीती म्हणून काही नाहीच.

मी मात्र त्या खोलीत जाणं सोडलं. पाणीसुद्धा अंगणातल्या रांजणाचं प्यायचो. माझं ताट बाहेर यायचं. कुणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही, कारण मुलगा चुलीपाशी जात नाही हे सगळ्यांच्याच अंगवळणी पडलेलं. माझी मोठी बहीण, माझी अक्का, तिला मात्र त्याच वर्षी भाकरी थापायला बसवलं. तिनंही तो जाळ पाहिला होता. तिला कुणी काही विचारलं नाही.

पुढं मी आदिलाबादला काम शिकलो, दुकान टाकलं. लग्न दोनदा जमत आलं आणि मोडलं, मग मीही तो विषय सोडून दिला. खोलीत शेगडी ठेवली नव्हती. सकाळी टपरीवरचा चहा, दुपारी आणि रात्री मेसचा डबा. दिवाळीत फटाक्यांचा आवाज सुरू झाला की मी दुकानाचं शटर ओढून आत बसायचो. असं वय वाढत गेलं.

बाबा गेल्यावर माय गावी एकटीच राहत होती. दोन वर्षांमागं तिला लकवा मारला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला, बोलणंही जड झालं. दवाखान्यातून मी तिला थेट माझ्याकडे आणलं. अक्का नार्नूरला दिलेली. तिच्या घरी सासू अंथरुणाला खिळलेली, म्हणून तिला येऊन राहता येईना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीठ कमी, तेल कमी, जेवण वेळेवर आणि मऊ. डब्यात यायचा तिखट पप्पू, म्हणजे डाळ, आंबट चारू, म्हणजे सार, आणि ताठ भात. माय दोन घास खायची आणि ताट सरकवायची. तिची मनगटं हडकायला लागली.

मग एक बाई स्वयंपाकाला ठेवली. तिच्यासाठी गॅसचं कनेक्शन घेतलं, ओटा नव्हता तो घालून घेतला. ती स्वयंपाक करायची तेव्हा मी पुढच्या खोलीत असायचो आणि शेगडी पेटल्याचा 'भप्' असा आवाज आला की माझे खांदे आपोआप वर जायचे. तिच्या हातचं माय चांगलं जेवायची. पण दसऱ्यानंतर कापूस वेचाईला आला आणि बाई म्हणाली, "दादा, आता वेचाईचे दिवस हायेत, मले जमनार नाई." पुन्हा डबा सुरू झाला. बंद शेगडी ओट्यावर तशीच राहिली.

अक्का फोनवर म्हणाली, "बाबू, तूच काऊन नाई करत? नुसत्या जवारीच्या कन्या शिजवायले काय लागते?"

"दुकान कोन पाहीन?" मी म्हणालो. ते काही खरं कारण नव्हतं.

त्या वर्षी थंडी लवकर आणि कडक पडली. आदिलाबादची थंडी अशी, की दिवस मावळायच्या आधीच लोक रस्त्याकडेला शेकोट्या पेटवतात. मी त्या शेकोट्या टाळून, वळसा घालून घरी जायचो. त्या संध्याकाळी घरी आलो तर दार लोटलेलं, खिडक्या बंद. मायला सर्दी झाली होती, गार वारा नको म्हणून तिनं भिंतीच्या आधारानं जाऊन लावून घेतल्या असतील. आत अंधारलं होतं. मी सवयीनं दाराशेजारच्या बटणाकडे हात नेला. बोट बटणावर टेकलंसुद्धा. आणि तेवढ्यात वास आला.

गॅसचा वास.

बोट तिथंच थांबलं. बटण दाबलं की आत बारीक ठिणगी उडते. रोज हजार वेळा उडते, कुणाला दिसत नाही. मला ती माहीत होती, कारण आयुष्यभर मी तेच काम केलेलं. मी हात असा काढून घेतला, जणू बटणावर इंगळी बसली होती.

आतल्या खोलीतून बारीक आवाज येत होता. खर्र. मग थांबून पुन्हा खर्र.

मी दारातून पाहिलं. माय ओट्याखाली जमिनीवर बसली होती. काडेपेटी दोन गुडघ्यांत धरली होती आणि डाव्या हातानं ती काडी ओढत होती. डाव्या हाताला ते जमत नव्हतं. तिच्या पुढ्यात मोडलेल्या काड्या पडल्या होत्या. वर शेगडीचं बटण फिरवलेलं होतं. ते कधी फिरवलं, देव जाणे. सर्दीनं तिचं नाक बंद. तिला काहीच कळलं नव्हतं.

खरं सांगतो, त्या क्षणी मला आदिलाबादची खोली दिसत नव्हती, गावची दिसत होती. ओरडावं तर ती दचकून काडी ओढेल. गप्प राहावं तर पुढची काडी पेटेल. तिनं पेटीतून आणखी एक काडी काढली.

"माय," मी हळूच म्हणालो. "माय, थांब. मी पेटवतो. दे मले."

तिनं वर पाहिलं. हात थांबला.

मी श्वास धरून आत गेलो. तिच्या बोटांतली काडी घेतली, गुडघ्यांतली पेटी घेतली, दोन्ही खिशात घातलं. शेगडीचं बटण बंद केलं, सिलिंडरचं रेग्युलेटर बंद केलं, खिडकी उघडली. मग तिला काखेत धरून उचललं आणि अंगणात आणून खाटेवर बसवलं. ती फार हलकी झाली होती. तिला खाली ठेवलं. मी मातीत बसलो. दात वाजत होते. थंडीनं वाजत असतील असं तिला वाटलं असावं, कारण तिनं डाव्या हातानं आपली शाल ओढून माझ्या अंगावर टाकली.

"काय करून राह्यली होती तू?" मी ओरडलो. आता ओरडलो. "मेलो असतो दोघंबी!"

ती बोलायला वेळ घ्यायची. शब्द तोंडात घोळवून बाहेर काढायची.

"कन्या," ती म्हणाली. "कन्या खावाशा वाटल्या."

"मले सांगाचं होतं!"

"तुले कशी सांगू?" ती म्हणाली. "तुले भेव लागते ना."

इतकी वर्षं मला वाटत होतं की हे कुणालाच माहीत नाही. बाहेर ताट देणारी तीच होती. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"तुले नाई लागत," मी म्हणालो. "तू तर दवाखान्यातून आली आन् लगेच चुलीपाशी बसली."

तिनं मान हलवली. मग तुटक तुटक बोलली. ते सगळं मी इथं सलग लिहितो आहे, पण तेवढं बोलायला तिला बराच वेळ लागला. "लागे ना, बाबू. रोज लागे. काडी ओढली का छातीत धडधड होये. पदर खोचून खोचून कमरेले वळ पडत. पन तुमी दोघं शाळेतून उपाशी येत. मंग काय करू? भेव लागलं तरी हात चाले."

घरातला वास पूर्ण जाईपर्यंत आम्ही अंगणातच बसलो. त्या रात्री डबा आला, तो मी तिला भरवला. पुन्हा पुन्हा तेच मनात येई. मी दुकानातून थोडा उशिरा निघालो असतो तर? तिच्या हातात जरा जोर असता तर? आणि त्याहून वाईट हे, की उद्या मी दुकानात गेल्यावर तिला पुन्हा भूक लागली तर? शेगडी काढून टाकावी असंही वाटलं. पण मग ती हडकतच जाणार होती. जाळाची भीती तशीच होती, फक्त तिच्यासमोर आता दुसरी, मोठी भीती येऊन उभी राहिली होती.

सकाळी दुकान उघडलं नाही. नळीला साबणाचं पाणी लावून पाहिलं, कुठं बुडबुडे येत नाहीत ना. लायटर आणला. ज्वारीच्या कण्या आणल्या, ताक आणलं. मायची खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात मांडली आणि दोन्ही खिडक्या सताड उघडल्या. गार वारा आत येत होता तरी मला घाम फुटला होता.

"आंधी लायटर धर," माय म्हणाली. "मंग बटन फिरव."

मी लायटर धरला. बटण फिरवलं. लायटर दाबला, पण ठिणगी पडली नाही, कारण बोटांत जोरच नव्हता. मी घाईनं बटण बंद केलं आणि मागे सरलो. पुन्हा तसंच झालं. मग एकदाचा 'भप्' आवाज झाला, निळा जाळ गोल उभा राहिला, आणि मी मागच्या भिंतीला जाऊन धडकलो. कपाळाला हात लावून पाहिला, भुवया आहेत का.

माय हसत होती. लकव्यानंतर तिचं हसू एका बाजूलाच यायचं.

"कमी कर," ती म्हणाली. "इतल्या जाळावर लगनातला भात होते."

जाळ कमी करायला पुन्हा पुढं जावं लागणार होतं. मी हात लांब करून, तोंड फिरवून बटण फिरवलं. पातेल्यात पाणी ठेवलं. उकळी आल्यावर तिनं सांगितलं तशा कण्या वैरल्या. गुठळ्या झाल्या. ती म्हणाली घाटत राहा, मी घाटत राहिलो. पातेल्याच्या बुडाशी जाळ होता आणि माझा हात त्याच्यावर होता, हे मला सतत जाणवत होतं. कण्या फुटफुटायला लागल्या, एक थेंब मनगटावर उडाला, आणि मी पळता पळता थांबलो. पळालो असतो तर खाली करपलं असतं.

मऊ कण्यांत ताक घालून, चिमूटभर मीठ टाकून मी तिला वाटीत दिल्या. खालून थोड्या लागल्याच होत्या. तिनं डाव्या हातानं चमचा धरला आणि सगळी वाटी संपवली. मग वाटी पुढं केली.

त्यानंतर मी रोज करायला लागलो. शौर्य वगैरे काही आलं नाही. फोडणीला तर मी फार दिवस हात घातला नाही. साधं वरण, कण्या, ज्वारीचं आंबील, शिजवलेली भाजी. पहिल्यांदा तेल तापवलं तेव्हा मोहरी तडतडली आणि मी झाकण आपटून टाकलं. एकदा पातेलं उतरवताना फडक्याचं टोक जाळाला लागलं. छोटीशी केशरी जीभ वर चढली. माझ्या तोंडून आवाज निघेना, पण हातानं आधी बटण बंद केलं आणि मग फडकं मोरीत टाकून वर तांब्या ओतला. माय दारातून पाहत होती. मी बाहेर जाऊन बसलो, छाती ठिकाणावर आल्यावर परत आत आलो आणि भाजी पुन्हा ठेवली. ती जेवायची थांबली होती.

दुकानात जाण्याआधी दुपारचं करून ठेवायचं, सिलिंडर बंद करायचा, काडेपेटी आणि लायटर सोबत न्यायचे, असा नेम झाला. मायच्या अंगावर थोडं मांस आलं. शब्दही जरा मोकळे झाले. उजव्या हाताची बोटं आता तिला मिटता येतात, पण पिठाचा गोळा अजून धरता येत नाही. भाकरी मीच थापतो. ती खुर्चीतून सांगते, कुठं जाड राहिली, कुठं चिरली.

मागच्या महिन्यात अक्का आली. मी स्वयंपाक करायला लागलो हे तिला सांगितलं नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथंच थांबली. मी तव्यावरची भाकर आचेवर शेकत होतो, चेहरा नेहमीसारखा मागे वळवून.

"तू?" ती म्हणाली. "भेव नाई लागत?"

"लागते," मी म्हणालो. "अक्का, तुले लागे काय?"

तिनं पिशवी खाली ठेवली, पदर कमरेला घट्ट खोचला आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

"लय लागे," ती म्हणाली. "पलट ते, करपून राह्यली."