माझा फोन, तिचं हेल्मेट

कुमूचं काहीतरी बिनसलंय ही शंका पहिल्यांदा इंग्लंडात आली, गोव्यात नाही. ती नार्व्याला, मी कोरगावला, मध्ये फार तर दीड तासाची वाट; पण माझ्या सख्ख्या बहिणीनं फोन उचलला नाही हे मला माझ्या मुलानं तिकडून कळवलं. त्याला ते त्याच्या मुलांनी, ईशानं आणि वरुणनं, सांगितलं होतं. दोघं शाळेच्या वाटेवर होती, रोजच्यासारखा त्यांनी कुमूआजीला फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. "आई, मुलं ऐकत नाहीत, शाळेच्या फाटकात उभी राहून रडतायत, तू जरा नार्व्याला विचार," मुलगा म्हणाला. मी विचारलं. कुमूची जाऊ म्हणाली की आज दमले म्हणून पडली आहे, उठवते... आणि मग फोन तसाच मेजावर ठेवल्याचा आवाज आला, आणि पुढचं मला तिच्या ओरडण्यावरून कळलं.

ईशा, वरुण, हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीतल्या इतर वाचकांनी वाचलं तरी हरकत नाही. तुमच्या आईकडून वाचून घ्या. जिथं तिला अडेल तिथं मला विचारा. कुमूआजी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे असं तुम्हाला वाटतं. गेल्या दोन वर्षांपुरतं ते खरंही आहे, आणि मला ते कधीच आवडलं नाही.

आम्ही दोघीच बहिणी. मी थोरली. मला म्हापशाच्या इंग्रजी शाळेत घातलं, कुमू गावच्या मराठी शाळेत शिकली. मी पुढं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, ती नर्स झाली. माझ्या वह्या नीट, कपडे नीट, बोलणं नीट, पण पाहुणे आले की पायरीवरूनच विचारायचे, "कुमू खंय आसा?" कुठं आहे कुमू? ती झाडावर असायची, नाहीतर ओढ्यात. लग्न होऊन ती नार्व्याला नदीकाठी शेती असलेल्या घरात गेली, सरकारी नोकरीत गावोगाव फिरायला लागली, आणि नवरा गेल्यावर त्याची मोटरसायकल विकायची सोडून तीच चालवू लागली. साडीचा पदर कमरेला खोचून. अख्ख्या डिचोली तालुक्यात ती 'नर्सबाय'. एकदा मी तिच्या मागं बसून डिचोलीच्या बाजारात गेले, तर भाजीवालीनं मला विचारलं, तुम्ही नर्सबायच्या कोण? तीस वर्षं ज्यांच्या मुलांना मी शिकवलं, त्यांच्या गावात कधी जन्मात कुणी कुमूला विचारलं नसेल की तू बाईंची कोण. तिथंही ती कुमूच असायची.

निवृत्त झाल्यावरही तिची फिरती थांबली नाही. सकाळी डिचोलीच्या एका दवाखान्यात मदतीला जायची, दुपारी परत. रविवारी माझ्याकडे जेवायला. अडचण झाली ती नव्या रस्त्यांची. हायवे रुंद झाला, पूल आले, विमानतळाचा फाटा आला, आणि जिथं वड होता तिथं खांब उभे राहिले. धारगळला एका रविवारी ती अशी काही वळली की कोरगावऐवजी विमानतळाच्या दारात जाऊन पोचली. तिथल्या शिपायानं विचारलं, कुठं जायचंय? ही म्हणाली, बहिणीकडे जेवायला. हा किस्सा तिनं तुम्हाला फोनवर सांगितला, तुम्ही हसून लोळलात, आणि पुढच्या सुट्टीत तुमचे बाबा तिच्यासाठी मोटरसायकलवर बसवायचं नकाशाचं यंत्र घेऊन आले. हँडलवर पडदा, आणि हेल्मेटात बसवायचे स्पीकर व माइक, म्हणजे रस्ता कानात ऐकू येईल आणि फोनही घेता येईल. माझ्यासाठी तुम्ही शाल आणली होती. चांगली होती शाल. गोव्यात शाल.

बाबा दोन दिवसांत परत गेले आणि यंत्र खोक्यातच राहिलं. पुस्तिका सगळी इंग्रजीत, बारीक अक्षरात. कुमूनं ती माझ्यापुढं ठेवली. मी चष्मा लावून, पेन्सिलीनं खुणा करत, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की यंत्र, हेल्मेट आणि फोन या तिघांची ओळख ठरावीक क्रमानं करून द्यायची: आधी यंत्र आणि हेल्मेट, मग फोन. मी तसंच करणार होते. पण कुमूनं आधी बाल्कांवात, दारापुढच्या सोप्यात, पाट मांडला, हेल्मेटला कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि म्हणाली, "आका, पयलो हात तुजो. तुज्या फोनान सुरू कर."

नवी वस्तू घरात आली की थोरल्याच्या हातून सुरू करायची ही आमच्याकडची रीत. शिलाई मशीन आलं तेव्हा पहिली टीप आमच्या आजीनं मारली, तिला दिसत नव्हतं तरी. मी म्हटलं, कुमू, हे शिलाई मशीन नव्हे, यात क्रम चुकला तर गोंधळ होईल. ती म्हणाली, थोरल्या बहिणीचा मान हा काय गोंधळ? मग काय करणार... हेल्मेटाची पहिली ओळख माझ्या फोनशी झाली. नंतर यंत्राशी, आणि सगळ्यात शेवटी कुमूच्या फोनशी.

पहिला आठवडा नुसत्या तक्रारींचा. फोन आला की नकाशाची बाई गप्प व्हायची आणि फोन ठेवला तरी बोलायची नाही. ते मी आवाजाच्या सेटिंगमध्ये जाऊन सोडवलं. मग तुम्ही म्हणालात की कुमूआजीचं बोलणं ऐकू येत नाही, फक्त वारा येतो. तर माइक उलटा बसला होता, स्पंजाचा गोळा बाहेरच्या बाजूला. तो मी फिरवून घट्ट केला. मध्येच एकदा त्या बाईनं कुमूला नार्व्याच्या धक्क्यावर नेलं आणि सरळ पुढं जा म्हणून सांगितलं. पुढं नदी. फेरीबोट पलीकडे दिवाडीला. यंत्राच्या लेखी फेरीबोट म्हणजे रस्ताच. फेरीबोटी टाळण्याची खूण कुठल्या पानावर आहे ते मला माहीत होतं, मी ती केली. सगळं मी केलं. आणि सगळं नीट चालू लागल्यावर त्या हेल्मेटात बोलायला लागलात तुम्ही.

मला तुमचा फोन रविवारी, जेवणाच्या आधी. तुमच्याकडे सकाळ, तुम्ही झोपेतून उठलेली, पडद्यावर केस विस्कटलेले. मी विचारायची अभ्यास कसा चाललाय, जेवता का, मराठी वाचता का. तुम्ही म्हणायचात हो, हो, थोडं थोडं. मग वरुण म्हणायचा, बरं आजी, ठेवतो. कुमूला मात्र फोन रोज, ती डिचोलीहून घरी परतताना आणि तुम्ही शाळेत जाताना. तुम्ही एका रस्त्यावर, ती दुसऱ्या. काय एवढं बोलत होतात? मी तिला विचारलं होतं. ती म्हणाली, काय नाय गो, मी आपली सांगते, पुढं म्हस आली, पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलीला कुत्रो लागला. वरुण सांगतो तिकडं मांजर आलं. एवढंच. मला ते खरं वाटलं नाही. म्हशीसाठी कुणी रोज फोन करत नाही.

आणि मग तो क्रम चुकल्याचा परिणाम दिसला. एका रविवारी मी तुमच्याशी बोलत होते, ईशा मला शाळेतल्या नाटकाचं सांगत होती, पहिल्यांदाच काहीतरी आपणहून सांगत होती. बाहेर मोटरसायकलचा आवाज आला आणि माझा फोन एकाएकी मुका झाला. पडद्यावर ईशाचे ओठ हलतायत, आवाज नाही. मी बाल्कांवात आले तर अंगणात कुमू गाडीवर बसून, हेल्मेट डोक्यावर, हसून हसून बोलतेय. "राणी झालीस? मगे मुकुट खंय?" माझ्या हातात फोन, त्यात माझी नात, आणि बोलणं तिच्या डोक्यात. चोपड्याहून आणलेल्या मासळीची पिशवी हँडलला लटकलेली.

हेल्मेटानं पहिली ओळख लक्षात ठेवली होती. माझा फोन जवळपास दिसला की ते आधी मलाच धरायचं. कुमू अंगणात शिरली की माझा चालू फोन उचलून तिच्या कानात घालायचं. उपाय सोपा होता: सगळ्या ओळखी पुसायच्या आणि पुस्तिकेतल्या क्रमानं पुन्हा करायच्या. मी त्याच दिवशी मेजावर हेल्मेट घेऊन बसले. कुमूनं ते माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाली, "तुजो हात पुसूंक दिवचें ना हांव." तुझा हात मी पुसू देणार नाही. तू पहिला हात लावलास म्हणून इतके दिवस मी कुठं पडले नाही की चुकले नाही. मी म्हटलं, इतके कसले, अजून दोन महिनेसुद्धा झाले नाहीत, आणि तू चुकत नाहीस ते यंत्रामुळं. ती म्हणाली, यंत्र कुणी लावलं? मी पुस्तिका मिटून ठेवली.

तेव्हापासून दर रविवारी तसंच. तिच्या येण्याच्या आधी तुमच्याशी बोलून घ्यावं म्हणून मी घाई करायची. ती मुद्दाम लवकर यायची की काय असा मला संशय. मी फोन घेऊन मागच्या परसात, काजूच्या झाडांपाशी जायची, तिथं हेल्मेटाचा हात पोचत नसे. पण तुम्हीच विचारायचात, कुमूआजी आली का? आली असेल तर अंगणात जा ना. मी जात असे. काय करणार... फोन मुका होत असे, आणि मी तिला बोलताना बघत उभी राहत असे, मासळीच्या हुमणाला उशीर होतोय असं म्हणत. एकदा तिनं हेल्मेट काढून माझ्यापुढं धरलं, "घाल मगे, बोल." माझा अंबाडा मोडेल म्हणून मी घातलं नाही.

ती गेल्यावर पहिल्या रविवारी तुमचा फोन आला तेव्हा मला वाटलं, आता आपण तिघंच. मी विचारलं, जेवता का नीट? ईशा म्हणाली, हो. वरुण पडद्यात दिसतच नव्हता. दुसऱ्या रविवारीही तसंच, तिसऱ्या रविवारी तर तुमच्या बाबांनीच बोलून फोन ठेवला. मला भीती वाटली. खरं सांगते, कुमूच्या जाण्याइतकीच ही भीती मोठी होती. तुम्हाला माझ्यापर्यंत आणणारी तीच होती की काय, आणि ती गेल्यावर माझ्याकडे यायला तुम्हाला रस्ताच उरला नाही की काय, असं वाटून मी ताट वाढून तशीच बसले.

मोटरसायकल तिच्या पुतण्यानं ठेवली. हेल्मेट त्याच्या डोक्याला लहान, म्हणून तो ते माझ्याकडे ठेवून गेला. मी ओल्या फडक्यानं पुसलं. बॅटरी तशीच रिकामी ठेवली तर बिघडते असं पुस्तिकेत आहे, म्हणून चार्जिंगला लावलं आणि बाल्कांवातल्या बाकावर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. तुमचा फोन आला, मी उचलला, आणि फोन मुका. बाकावरून बारीक आवाज येत होता, डब्यात बसून कुणी बोलावं तसा. हॅलो, आजी? हॅलो?

आवाज परत फोनमध्ये आणायला कुठं दाबायचं ते मला ठाऊक होतं. दाबलं नाही. अंबाडा सोडला, हेल्मेट डोक्यावर घातलं. आत तिच्या तेलाचा वास होता. मी म्हटलं, "बोला."

पलीकडून वरुण अगदी हळू म्हणाला, "कुमूआजी?"

माझ्या घरात, माझ्या फोनवर, माझा नातू. तेव्हा मला जे वाटलं त्याला मी दुःख म्हणणार नाही, मला त्याचं नाव चांगलं ठाऊक आहे. ईशानं त्याला दटावलं, "आजी आहे रे. तिनं हेल्मेट घातलंय." तो म्हणाला, पण आवाज तसाच येतोय. मी म्हटलं, येणारच, बहिणी होतो आम्ही. हे मला आजवर कुणाला सांगावं लागलं नव्हतं, कारण आमच्यात काही सारखं आहे असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं. मग तो रडला, मग ईशा रडली, आणि कितीतरी वेळ तुम्ही दोघं बोलत राहिलात. ती तुम्हाला काय सांगायची, कुठल्या वळणावर गाणं म्हणायची, माझ्याबद्दल काय म्हणायची तेही. ते मी इथं लिहिणार नाही.

आता तुम्ही फोन करता आणि पहिला प्रश्न विचारता, घातलंस का? मी घालते. तुम्ही कुणाशी बोलता ते मी विचारत नाही. 'बरं आजी, ठेवतो' हे वाक्य मात्र आता वरुणच्या तोंडून येत नाही, ते मलाच म्हणावं लागतं, कारण हेल्मेट जड आहे आणि थोड्या वेळानं माझी मान भरून येते. ती तर ते घालून नार्व्याहून इथपर्यंत यायची, उतरली तरी बोलत राहायची, आणि तिची मान दुखल्याचं मी कधी ऐकलं नाही.