इथे वाजेल ते इथेच

टेलरताई बोलायला तिखट. ब्लाउज घट्ट झाला अशी तक्रार आली की म्हणायची, "पोट आत ओढून माप दिलंत, आता भोगा!" पण आई गेली आणि बाईच्या तोंडाला कुलूप लागलं. कामापुरतं हो-नाही, बास. शेवटी तिच्या थोरल्या भावाने, दादानेच, तिला दवाखान्यात संगीताने उपचार करणाऱ्या सरांकडे नेऊन बसवलं.

तिथली तऱ्हाच निराळी. शिकवणं नाही, गाणं नाही. ताईने ड्रमवर मनाला येईल ते वाजवायचं आणि सरांनी पियानोवर तिच्या मागे-मागे जायचं. ती थांबली की तेही थांबणार. "इथे वाजेल ते इथेच राहील," असं सर पहिल्याच दिवशी म्हणाले. भोळी बिचारी! तिने विश्वास ठेवला.

मग एकदा तिच्या हातून ड्रमवर दार वाजलं. तीन ठोके, आणि पुढे काहीच नाही. दादा येईल म्हणून आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती. तो आला सगळं आटोपल्यावर. त्याला ताई कधी एका शब्दाने बोलली नव्हती. इथे मात्र तिने ड्रम असा बडवला की बोटं सुजली. सर खालच्या सुरांत तिच्याबरोबर गरजत राहिले. घरी जाताना तिला कितीतरी दिवसांनी सपाटून भूक लागली.

रविवारी दादा आला तो उभाच राहिला. "सरांनी तुझं वाजवणं मोबाइलवर टेप केलेलं, ते ऐकवलं मला. म्हणाले, घरच्यांना कळायला हवं. ते दाराचे तीन ठोके मी लगेच ओळखले. अगं, इतका राग माझ्यावर?" आणि एवढा मोठा माणूस हमसून रडायला लागला. आता बोला! जिचं दुःख तिनेच उठून त्याला पाणी दिलं, त्याची समजूत काढली. मनात मात्र तिचा संताप संताप झाला होता, आणि तो दादावर नव्हता.

पुढच्या खेपेला तिने ड्रमवर सरळ शिवण घातली. टाक्यामागे टाका, एकसारखा. सर मागे-मागे आले, चाचपडले, थांबले. मग पहिल्यांदाच ते स्वतः पुढे झाले. पियानोवर त्यांनी तेच तीन ठोके दिले.

"पुढे काय, ताई?" त्यांनी हळूच विचारलं.

"दादाला विचारा. त्याला ऐकवलंत ना?"

आणि तिने चपला घातल्या.