जांभळीच्या चार बाटल्या

अड्याळच्या शाळेत श्यामराव तेहेतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होते. नळ्या धुवायच्या, स्पिरिटचे दिवे भरायचे, परीक्षेच्या दिवशी टेबलं मांडायची. कधीतरी एका विज्ञानाच्या मास्तरांनी वर्गात फळं आंबवून दाखवली. मुलं तो प्रयोग विसरली, मास्तर बदलून गेले, पण श्यामरावांना तो जो चिकटला तो चिकटलाच. भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा निघाला त्या वर्षी, नव्व्याण्णवला, त्यांनी परसातल्या जांभळाची पहिली बरणी घातली. पुढं दर वर्षी एक-दोन. फळं कुस्करायची, साखर घालायची, तोंडाला फडकं बांधायचं, फसफस थांबली की वरचं निवळ दुसऱ्या बरणीत उतरवायचं आणि झाकणाला मेण लावून टाकायचं. बरणीवर खडूनं सन लिहायचा. त्यानंतर हात लावायचा नाही.

गावातलं कोणी दारू म्हटलं की श्यामराव चवताळायचे. "दारू नाई ते, वाइन हाये. जुनी होते तशी सुधरते." घरात आणि दोस्तांत मात्र तिचं नाव साधं होतं, जांभळी.

दोस्त दोनच. मोहाडीचा हेमराज, कोशाच्या रेशमी साड्यांचा दुकानदार, आणि आसगावचा मारोतराव, धानाचा शेतकरी. तिघं भंडाऱ्याच्या वसतिगृहात एका खोलीत राहिलेले. वर्षातून एकदा, होळीच्या आधी, दोघं अड्याळला यायचे. श्यामरावांची बायको शेवंताबाई रांधायच्या, श्यामराव एखादी जुनी बरणी फोडायचे आणि तिघं घोट घोट घेत गप्पा मारत बसायचे. हेमराज प्रत्येक घोटाला "वा!" म्हणायचा. श्यामरावांना वर्षभर तेवढा "वा" पुरायचा.

मग एका पावसाळ्यात पोलिसांची धाड आली. श्यामरावांच्या निवृत्तीला दोन महिने होते. गाडीतून उतरलेल्या माणसांनी इकडंतिकडं पाहिलंही नाही. साहेबाच्या हातात कागद होता, त्यानं तो मोठ्यानं वाचला. "मागची खोली, धानाच्या कोठीच्या आड, नऊ बरण्या." नऊच निघाल्या. अंगणात आणून उलट्या केल्या. जांभळा लोट तुळशीच्या ओट्यापर्यंत गेला आणि शेजारपाजार कुंपणाला टेकून बघत राहिला. श्यामरावांना ठाण्यात नेऊन दिवसभर बाकावर बसवलं. पुढं निवृत्तीचा दिवस आला, पण शाळेत ना हार ना नारळ. मुख्याध्यापकांनी पाकीट हातात दिलं आणि घाईत असल्यासारखे निघून गेले.

धाडीच्या दिवसापासून श्यामरावांच्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. मागच्या खोलीत बाहेरचं कोण गेलं होतं? मारोतरावचे गुडघे धड नाहीत, तो ओसरीवरून उठत नाही. हेमराज मात्र गेल्या खेपेला आत जाऊन आला होता. वर नागपूरच्या कोण्या गिऱ्हाइकासाठी दोन बाटल्या मागत होता आणि श्यामरावांनी तोंडावर नाही म्हटलं होतं. तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. झालं, श्यामरावांचा हिशेब बसला. आठ महिने त्यांनी हेमराजचा फोन उचलला नाही.

श्यामरावांच्या शेतावर, भाताच्या तणसीच्या ढिगात आधीच दडवलेल्या चार बाटल्या धाडीतून वाचल्या होत्या. होळी जवळ आली तेव्हा श्यामरावांनी स्वतःच फोन केला. "ये, मारोतलेही बोलावलं. चारी फोडू."

हेमराज दिवस मावळायच्या आत आला, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन. आठ महिन्यांनी आलेल्या फोननं तो इतका खूश होता की पायरीवर ठेचकाळला. श्यामरावांनी पुडा घेतला आणि न उघडता खिडकीत ठेवला.

शेवंताबाईंनी लाखोळीच्या डाळीचे वडे आणून ठेवले. आत मरळ माशाचा रस्सा उकळत होता. श्यामरावांनी चारी बाटल्या ओळीनं मांडल्या, नवी आधी, जुनी शेवटी, आणि पेले भरले.

"ही दोन हजार पंधराची."

मारोतरावनं घोट घेतला, डोळे मिटले. "तुरट हाये अजून. जीभ धरते."

"वा!" हेमराज म्हणाला.

"तुले सगळंच वा," श्यामराव म्हणाले. "आवडत नसलं तरी वा."

हेमराज हसला. त्याला वाटलं थट्टा आहे.

दुसरी अकराची. ती गोडसर होती आणि तिला भिजल्या लाकडासारखा वास होता. मारोतरावनं अजून अर्धा पेला मागितला. श्यामरावांनी बाटली हातातच धरून ठेवली आणि हेमराजकडं बघत विचारलं, "माया खोलीत किती बरन्या होत्या रे?"

"मले काय मालूम? आठ-धा असतील."

"नऊ. साहेबाच्या कागदावर बराबर नऊ लिवल्या होत्या."

"मंग?"

"मंग काई नाई. वडा खा."

तिसरी, दोन हजार सहाची, ओतली तेव्हा तिचा जांभळा रंग जाऊन विटकरी झाला होता. एरवी श्यामरावांनी पेला दिव्यासमोर धरून पाच मिनिटं भाषण ठोकलं असतं. आता त्यांनी वासही घेतला नाही.

"नागपूरवाल्या गिऱ्हाइकाले काय सांगतलं तुनं? श्याम देत नाई, आता पाह्य मी काय करतो, असंच ना?"

हेमराजनं पेला खाली ठेवला. "काय बोलून राहिला तू? सरळ बोल."

"सरळच बोलतो. माया घरावर धाड तुनं घातली."

मारोतरावच्या हातातला वडा तसाच राहिला. "अबे श्याम, काहीबाही नको बोलू."

"तू गप. तू खोलीत गेलाच नाई. गेला कोन? हा! दोन बाटल्या नाई भेटल्या म्हनून तेहेतीस वर्षांची अब्रू मातीत घातली यानं."

हेमराजचा चेहरा काळवंडला.  तो बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता आणि म्हणूनच तो जास्त लागला.

"म्हनून फोन नाई उचलला होय. बायकोले सांगत होतो, श्यामची तब्येत बरी नसन. आठ महिने मी मूर्खावानी काळजी करून राहिलो." त्यानं शेवटची बाटली ओढली, मेण दातांनी काढलं आणि पेल्यात ओतली. "ही नव्व्यान्नवची ना? सगळ्यात जुनी? घे. तू पी आधी."

श्यामरावांनी घोट घेतला. घशापर्यंत जायच्या आत त्यांना कळलं. तो नुसता सिरका होता. तणसीतल्या उन्हाळ्यानं की आधीपासूनच, कोण जाणे, पण वीस वर्षं सांभाळलेली बाटली आंबून गेली होती. ते गिळू शकले नाहीत आणि दोस्तांसमोर थुंकूही शकले नाहीत.

"आंबली ना?" हेमराज म्हणाला. "निम्म्या बरन्या आंबलेल्याच असत. मी वा म्हनत गेलो, कारन तू माया तोंडाकडं पाहत बसायचा. मी चुगली केली असती तर चांगली केली असती. पन मी नाई केली."

"खोटं! मंग कोनं केली?"

"म्या."

शेवंताबाई भाताचं पातेलं घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं, पदराला हात पुसले.

"म्या सांगतलं. एका दुकानातून ठान्यात फोन केला, पवनीले गेली होती तवा. बरन्या मोजूनच गेली होती."

शेवंताबाई श्यामरावांकडं वळल्या.

"आपल्या रेणूले पाहाले साकोलीचे पाहुने आले होते, आठवते? पोरगा तिले पसंत होता, तिनं मले सांगतलं होतं. तुमी पाहुन्यांपुढं पेले मांडले. दारूवाल्याची पोरगी नको म्हनून निरोप आला. रेणू सहा दिवस जेवली नाई. आन् तुमी काय केलं? त्याच आठवड्यात नवी बरनी घातली."

"तू मले बोलली असती…"

"बोलली. चार वेळा बोलली. तुमी म्हने, त्याईले वाइन समजत नाई."

हेमराज उठला. "वहिनी, तुमाले माहीत होतं हा मायावर संशय धरून बसला हाये. आठ महिने एक शब्द नाई सांगतला?"

"नाई सांगतला, भाऊजी." शेवंताबाईंचा आवाज तसाच कोरडा. "त्या दिवशी तुमालेही बोलावलं होतं. पाहुन्यांपुढं ‘आमच्या श्यामची जांभळी चाखा’ म्हनून आग्रह कोन करत होतं? तुमीच ना? तुमी वा म्हनत, हे बरन्या भरत. मले तुमचाही राग होता. अजूनही हाये."

 हेमराजनं चपला घातल्या. मारोतराव "जेवून जा ना गा" म्हणाला, पण स्वतः उठला नाही. फटफटीचा आवाज पवनी रस्त्याला लागेपर्यंत ऐकू येत होता. शेवंताबाईंनी दोन ताटं वाढली. मारोतराव मान खाली घालून जेवला, रस्सा दोनदा मागून घेतला आणि सकाळची पहिली बस धरून निघून गेला.

त्यानंतर घरात भांडण असं झालंच नाही. भांडण झालं असतं तर बरं, असं श्यामरावांना वाटायचं. शेवंताबाई चहा द्यायच्या, ताट वाढायच्या, विचारलं तेवढं सांगायच्या. उरलेली जांभळी त्यांनी मोरीत ओतली, तेव्हा श्यामराव शेजारीच दाढी करत होते.  त्यांनी रागानं वस्तरा ओढला आणि हनुवटी कापली. शेवंताबाईंनी ते पाहिलं, आणि तुरटीचा खडा पुढं केला नाही. रेणूचं लग्न पुढं तुमसरला झालं. हेमराजला पत्रिका गेली, आहेर आला, माणूस आला नाही.

जूनमध्ये जांभळं गळायला लागली तशी श्यामरावांना घरात बसवेना. एका सकाळी ते मोहाडीला गेले. बाजाराचा दिवस होता. हेमराज गादीवर बसून दोन बायांना साड्या उलगडून दाखवत होता. श्यामराव पायरीशी उभे राहिले. बाया गेल्या, तेव्हा त्यानं वर पाहिलं.

"या. काय दाखवू तुमाले?"

"हेमराज, मायं चुकलंच. माफी मागाले आलो."

"ऐकलं." हेमराजनं साडीची घडी घातली, कडा जुळवल्या, ती फळीवर ठेवली. "अजून काई?"

 हेमराज दुसरी साडी उलगडायला लागला, समोर गिऱ्हाईक नसताना. मग श्यामराव बसथांब्याकडं वळले.

घरी पोचले तेव्हा शेवंताबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप थांबवलं.

"भेटले?"

"भेटला."

"काय म्हनाले?"

"मले ‘तुमी’ म्हनाला," श्यामराव म्हणाले आणि पाय धुवायला मागं गेले.