मुरूम, साठ ब्रास

ही गोष्ट मी घरात सांगितलेली नाही. सांगण्यासारखं त्यात फार काही घडलंही नाही. लातूरच्या एका ऑफिसात मला प्रश्न विचारला गेला आणि मी पाच शब्दांत उत्तर दिलं, एवढंच. पण ते पाच शब्द जात नाहीत. म्हणून आता लिहून टाकतो.

नांदेडला एका ठेकेदाराकडे मी बिलं बघतो. अठरा वर्षं झाली. आमचे मालक गावोगावच्या पाण्याच्या उंच टाक्यांची सरकारी कामं घेतात. घेतात म्हणजे कागदावर घेतात, बांधतो दुसराच. करारनाम्यात एक कलम असतं की ठेकेदाराने हे काम परस्पर दुसऱ्याकडून करून घ्यायचं नाही. सगळेच करून घेतात आणि सगळेच त्या कलमाखाली सही करतात. मग टाकी बांधणाऱ्याला पैसे कशाचे म्हणून द्यायचे? 'टाकी बांधल्याचे' लिहिलं, तर कलम मोडल्याचा पुरावा आपल्याच हातानं फाईलला लागला. म्हणून ते मुरमाचे म्हणून द्यायचे. मुरूम सोयीचा असतो. रस्त्यावर पडतो, दबून जातो, मागाहून कोणी मोजायला येत नाही.

मुखेडकडचा एक मिस्त्री आमच्या बहुतेक टाक्या बांधायचा. सेंट्रिंग, लोखंड, काँक्रीट, वरचा घुमट, सगळं तो आणि त्याची दहा माणसं. त्याला बिल करता येत नव्हतं, म्हणून जीएसटी नंबर मी काढून दिला, बिलबुकही मीच छापून घेतलं. वर मोठ्या अक्षरात 'मुरूम, वाळू, खडी पुरवठादार'. ते हातात घेऊन त्यानं उलटसुलट पाहिलं.

"भाऊ, हे काय? मी कुठं मुरूम टाकून राहिलो?"

"नावापुरतं असतं ते, मिस्त्री. तुम्हाला पैशाशी मतलब."

"हाव, बराबर हाय," म्हणाला, आणि बिलबुक माझ्याकडंच ठेवून गेला. साईटवर भिजलं असतं. एका बैठकीत दहा-दहा कोऱ्या पानांवर सह्या करून द्यायचा. मग त्याच्या वतीनं बिल मी लिहायचो, आणि खुर्चीही न सरकवता मालकांच्या वतीनं लाल पेनानं 'तपासले, बरोबर' असंही मीच लिहायचो. टाकीचा सौदा आधी ठरलेला असायचा. त्याला मुरमाच्या भावानं भागायचं, म्हणजे ब्रास निघायचे, शंभर घनफुटांचा एक. एक टाकी म्हणजे किती ब्रास मुरूम, हा हिशेब माझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हता. याची मला तेव्हा गंमत वाटायची.

त्याची टाकी गळत नसे. टाकी पहिल्यांदा भरली की तो बाहेरून चुन्याचा हात फिरवायचा, ओल दिसावी म्हणून, आणि दिवसभर खाली भाकरी घेऊन बसायचा. एकदा मी साईटवर गेलो तर मान वर करून बसलेला. म्हटलं, जेवा तरी. म्हणाला, "जेवताना टाकीकडं बघायचं, भाऊ. भाकर तोंडात जातीच."

गेल्या वर्षी तो पोरीला घेऊन ऑफिसात आला. "जय भीम, भाऊ." इतकी वर्षं तो तसंच म्हणत आला आणि मी इतकी वर्षं "या, मिस्त्री" म्हणत आलो. हेही लिहून ठेवतो.

पोरगी बी.कॉम. झालेली, हातात प्लास्टिकचं फोल्डर. देवणीकडच्या दोन गावांच्या टाक्यांची टेंडरं लातूरच्या सरकारी ऑफिसातून निघणार होती. छोट्या ठेकेदारांची नोंदणी शुक्रवारपर्यंत चालू होती. नोंदणी झाली तर मिस्त्री ते काम स्वतःच्या नावावर भरू शकला असता. बाकी सगळे कागद तिनं जमवले होते. राहिला होता एक, आधी टाक्या बांधल्याचा दाखला. नाहीतर निदान तशी बिलं.

मी बिलबुक काढून दिलं. काय करणार? तिनं एक पान उलटलं, दुसरं उलटलं. मग मोठ्यानं वाचलं, "मुरूम, साठ ब्रास." बापाकडं बघून म्हणाली, "पप्पा, तुम्ही मुरूम कधी विकला?"

मिस्त्री हसला. "अगं, ते नावापुरतं असतंय."

"लातूरवाले नावच तर मागून राहिलेत."

मी मालकांच्या केबिनमध्ये गेलो. मालक वाईट माणूस नाही. म्हणाले, "दे की लिहून. मिस्त्री आपला माणूस. मी कुठं नाही म्हणतो? फक्त असं लिही की त्याचंही काम व्हावं आणि आपणही सापडू नये. खामखा ब्लॅकलिस्ट व्हायचं नाही. तू हुशार आहेस." आणि चावी उचलून साईटला निघून गेले.

दुपारभर टाईप करत बसलो. 'टाक्या बांधल्या' लिहिता येत नाही. 'मजूर म्हणून काम केले' लिहावं, तर मजुरांच्या हजेरीत त्याचं नाव नाही. तिथं मालकांच्या गावची माणसं मांडलेली. 'साहित्य पुरवले' लिहिलं तर दाखल्याचा उपयोग नाही. शेवटी लिहिलं: 'सदर व्यक्तीने आमच्या टाक्यांच्या कामांवर समाधानकारक सहकार्य केले आहे.' सहकार्य हा शब्द सुचल्यावर मला बरं वाटलं होतं. शिक्का मारला आणि उगाच मोठेपणानं म्हणालो, "मीही येतो लातूरला. अडलंच तर तोंडी सांगतो."

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं निघालो. मिस्त्री खिडकीत बसला. चाकूरच्या अलीकडं त्यानं बोट दाखवलं, "ती आपली." पुढं आणखी एक, "ती पण आपली. घुमट ओतताना चोवीस घंटे कुणी खाली उतरलं न्हाई." पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं वळून विचारलं, "लई जमीन हाय की तुमची इकडं?"

"जमीन न्हाई बाबा. टाक्या हायेत."

म्हातारा हसला, पोरगीही हसली. त्या दिवसातलं तिचं ते शेवटचं हसणं.

ऑफिसात रांग होती. अर्ज मीच भरला, सवय. खिडकीपलीकडचा कारकून माझ्याच वयाचा, चष्मा कपाळावर. त्यानं दाखला वाचला.

"सहकार्य म्हणजे काय केलं? चहा पाजला?"

रांगेत हशा झाला. मग त्यानं बिलांच्या झेरॉक्स बघितल्या, अर्ज शेजारी ठेवला, चष्मा डोळ्यांवर ओढला. "अक्षर एकच दिसतंय. बिल देणारे तुम्ही, तपासणारे तुम्ही, आणि अर्ज करणारेही तुम्हीच का?"

त्यालाही अशा बिलांची सवय असणार. आवाज खाली आणून तो म्हणाला, "हे बघा, मला यांना अडवायचं नाही. तुम्ही फर्मचे माणूस. शिक्का तुमच्याकडं आहे. या दाखल्याखाली एक ओळ लिहा, या टाक्या यांनी बांधल्या म्हणून. सही करा. मी आत्ता घेतो." आणि त्यानं स्वतःचं पेन खिडकीतून पुढं केलं.

पेन माझ्या समोर होतं. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर आमच्या मालकांच्या दोन कामांच्या फायली होत्या. माझ्या डोक्यात त्या होत्या, माझी अठरा वर्षं होती, पुढच्या महिन्याची मुलाची फी होती. मिस्त्री माझ्याकडं बघत होता. पोरगी पेनाकडं.

"पण यांनी बांधल्या ना?" कारकुनानं विचारलं. "तोंडी तरी सांगा."

मी म्हणालो, "ते आमचे मुरूम पुरवठादार आहेत."

मग मिस्त्रीच खिडकीशी वाकला आणि मान हलवून म्हणाला, "हाव सायेब. मुरूम टाकतो मी."

मला सोडवायला तो तसं बोलला. त्यानं काही विचारलं असतं, शिवी दिली असती, तर आज मी इतकं लिहीत बसलो नसतो.

अर्ज तसाच परत घेऊन स्टँडवर आलो; चहाचे पैसे त्यानंच दिले. "तुम्ही आमच्यासाठी दिवस मोडला," म्हणाला. येताना पोरगी मागं बसली. मिस्त्री पुन्हा खिडकीत. टाक्या आल्या आणि गेल्या; त्यानं बोट उचललं नाही. मला मात्र एकेक ओळखू येत होती. ही साठ ब्रासची. ही पंचावन्नची.

आठ दिवसांनी पोरगी एकटी ऑफिसात आली. "पप्पांचं बिलबुक द्या." दिलं. मी काही बोलणार होतो, पण तिनं ते फोल्डरमध्ये ठेवून चेन ओढली.

मिस्त्री आमच्याचकडं काम करत राहिला. दुसरीकडं कुठं जाणार? गेल्या महिन्यात लोह्याकडची टाकी संपली आणि त्याचं बिल आलं. पोरीच्या अक्षरात. वरची मुरूम-वाळू-खडीची ओळ पट्टी लावून खोडलेली. खाली लिहिलेलं: 'उंच पाण्याच्या टाकीचे सेंट्रिंग, लोखंड बांधणी व काँक्रीट काम. टाकी एक.'

माझ्या टेबलावर आलेलं त्याचं हे पहिलं खरं बिल. ते पास होऊ शकत नाही. मालकांनी वाचलं आणि माझ्याकडं सरकवलं, "मुरमाचं करून आण म्हण." ते मला पोरीला सांगता येत नाही. आणि बिल अडलं की त्या दहा माणसांची मजुरी अडते, हेही मला माहीत आहे. ड्रॉवरमधून रोज काढतो, रोज ठेवतो. एका संध्याकाळी त्यावर लाल पेनानं 'तपासले, बरोबर' लिहिलं. सही केली नाही.

परवा मिस्त्रीचा फोन आला.

"भाऊ, बिल बघितलं का?"

"बघितलं, मिस्त्री."

मला वाटलं, आता पैशाचं विचारील.

"पोरीनं लिवलंय. अक्षर चांगलं हाय न्हवं तिचं?"

"हाव," मी म्हणालो. "चांगलं आहे."